आधी गळती, मग गारगाई

७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि सहाच दिवसांनी, १३ मार्चला, ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ जाहीर झाला. २०५० पर्यंत या शहरानं कुठल्या वाटेनं जायचं हे सांगणारा कागद आला, तेव्हा ‘माझ्या वॉर्डाचं काय?’ असं विचारायला सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता. जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, हीच स्थिती राहिली. याच काळात गुंडाळून ठेवलेलं गारगाई धरण पुन्हा बाहेर काढलं गेलं, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या निविदा निघत राहिल्या, आणि जमिनीखालच्या नळांतून रोज वाहून जाणारं पाणी होतं तसंच वाहत राहिलं. हा क्रम उलटा आहे. तो चुकून उलटा झालेला नाही, आणि म्हणून त्याबद्दल गोड बोलण्यात मला अर्थ वाटत नाही.

आराखड्यात वाईट काही लिहिलेलं नाही. २०१९ साली मुंबईनं सुमारे २.३४ कोटी टन हरितगृह वायू हवेत सोडले, त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत शहरानं २,०२८ हेक्टर हिरवाई गमावली, हेही त्यातच आहे. पाण्याच्या प्रकरणात गळती कमी करा, सांडपाणी शुद्ध करून वापरा, पावसाचं पाणी साठवा आणि जिरवा, असं जे कुणीही शहाणा माणूस सांगेल ते सांगितलेलं आहे. आक्षेप पुढच्या पावलाला आहे. कागदावर पहिलं काय लिहिलं याला किंमत नसते. पैसा, यंत्रणा आणि मंत्र्यांचा वेळ पहिल्यांदा कशावर खर्च होतो, त्यालाच प्राधान्य म्हणतात. त्या कसोटीवर मुंबईचं पहिलं प्राधान्य आजही ‘आणखी लांबून आणखी पाणी आणा’ हेच आहे.

दीडशेहून अधिक वर्षं हे शहर हेच करत आलं. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. मग १९५७ चा मोडकसागर, सत्तरच्या दशकात ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी शहर थोडं आणखी उत्तरेला आणि पूर्वेला सरकलं, कुणाचं तरी खोरं घेतलं आणि पुढची वीस वर्षं निर्धास्त झालं. सातही तलाव भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो आणि त्यातून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मुंबईकडे येतं. देशातल्या बहुतेक शहरांना हेवा वाटावा अशी ही बेगमी आहे. यातलं बरंचसं पाणी चढउताराचा फायदा घेऊन, फार वीज न जाळता येतं. जुन्या अभियंत्यांच्या या कामगिरीबद्दल मला खरा आदर आहे. त्यांनी ज्या जिद्दीनं पाणी इथवर आणलं, तिचा अंशही ते गल्लीतल्या नळापर्यंत नीट पोचवण्यात आज दिसत नाही.

या ३,९०० मधलं किती पाणी हिशेबात येतच नाही? अधिकाऱ्यांच्या तोंडून वेळोवेळी आलेले आकडे पाव हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत जातात. पाव हिस्सा म्हणजे रोजचं ९७५ दशलक्ष लिटर, तिसरा हिस्सा म्हणजे १,३००. ज्या गारगाईसाठी जंगल बुडवायचं ठरतंय त्याची क्षमता आहे रोज ४४० दशलक्ष लिटर. मनोरीच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा २०० चा. दोन्हींची बेरीज ६४०. म्हणजे सगळ्यात कमी अंदाज धरला तरी जे हरवतं ते या दोन प्रकल्पांतून मिळणाऱ्या पाण्याच्या दीडपट आहे.

यावर पाणीखात्याचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. हे सगळं काही जमिनीत मुरत नाही, त्यातलं पुष्कळ चोरीला जातं, पुष्कळ मीटरबाहेर पडतं, म्हणजे शेवटी कुणी तरी ते पितंच. मान्य. मग त्यातलं निम्मं पाणी असं कुणाच्या तरी घशात जातं असं धरू. उरलेली निम्मी, अस्सल गळती सुमारे ४९० दशलक्ष लिटर होते. ती एकटी गारगाईपेक्षा मोठी आहे. आणि चोरीचं निम्मं? तेही काही समाधानानं सांगण्यासारखं नाही. महापालिकेनं शुद्ध केलेलं पाणी चोरून टँकरवाल्याला मिळत असेल आणि तोच ते परत नागरिकाला विकत असेल, तर ती गळतीच आहे, फक्त ती पैशाच्या दिशेनं वाहते.

टोकियोत पन्नासच्या दशकात गळती २० टक्क्यांच्या आसपास होती. आज ती ३-४ टक्क्यांवर आहे. तिथे काही चमत्कार झाला नाही. रात्री, रस्ते शांत झाल्यावर, नळाचा आवाज ऐकून गळती हुडकणारी माणसं कामाला लावली, आणि मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत जाणारे बारीक नळ गंजणारे होते ते बदलून स्टेनलेस स्टीलचे टाकले. गळतीचा मोठा भाग त्या शेवटच्या बारीक नळांतच असतो. मोठी वाहिनी फुटली की ती टीव्हीवर दिसते, रस्त्याची नदी होते, दोन तासांत दुरुस्ती पथक येतं. बारीक नळ वर्षानुवर्षं झिरपतो आणि कुणाला दिसत नाही.

आता मुंबईतले हे शेवटचे बारीक नळ कुठे आहेत ते पाहा. गोवंडी, मालवणी, भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्या, कुठेही चालत जा. मुख्य वाहिनी येऊन थांबते लांब, रस्त्यावर. तिथून पाच-पाच, दहा-दहा घरांचा गट वर्गणी काढतो, प्लंबरला पैसे देतो, आणि अर्ध्या-पाऊण इंचाचे नळ गटारातून, नाल्याकाठानं, दुसऱ्याच्या ओट्याखालून ओढून घरापर्यंत आणतो. एका गल्लीत अशा नळांच्या जुड्याच्या जुड्या असतात. दिवसाचे दोन-तीन तास पाणी येतं, बाकी वेळ नळ रिकामा असतो. रिकाम्या नळाला भोक असलं की तो बाहेरचं आत ओढतो आणि बाहेर गटार असतं. पाणी आलं की पहिली दहा मिनिटं ते काळं, वासाचं येतं, बायका ते सोडून देतात, मग हंडे लावतात. गळती, आजार आणि अन्याय असे तिन्ही त्या एकाच नळात आहेत. महापालिकेनं स्वतःची वाहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, मीटर लावला, दाब राखला, तर तिन्हींवर एकाच खर्चात इलाज होतो. शहराच्या वातावरण आराखड्यातलं पहिलं काम हे असायला हवं होतं. मला दुसरं कुठलंही काम याच्या आधी लावता येत नाही.

का नाही झालं? कारण ही माणसं पाण्याची हक्कदार आहेत हेच शहरानं फार उशिरा आणि फार नाखुशीनं मान्य केलं. वर्षानुवर्षं इमारतीत राहणाऱ्याला दरडोई १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्याला ४५ लिटर हा महापालिकेचा हिशेब. माणसाला दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे ४५ हा आकडाच आरोग्याच्या खालचा. आणि २००० नंतर बांधलेल्या झोपडीला तेवढंही नव्हतं. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदा आहे म्हणून माणसाला तहानलेलं ठेवता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला त्यानंतर मे २०२२ उजाडला. साडेसात वर्षं! आणि धोरण आल्यावरही जमिनीच्या मालकाच्या ना-हरकत दाखल्यासाठी लोक या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिले.

उन्हाळे तापत चालले आहेत हे आराखडाच सांगतो. तापलेल्या पत्र्याखाली, एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे वाढत्या उष्णतेशी लढायचं हत्यार एकच असतं, ते म्हणजे पाणी. अंगावर घ्यायला, जमिनीवर शिंपडायला, लेकराला दुसऱ्यांदा आंघोळ घालायला. ते ४५ लिटरवर बांधून ठेवायचं आणि वर उष्णतेपासून संरक्षणाच्या योजना छापायच्या, हे चालणार नाही. शहराच्या हवामान धोरणाची पहिली परीक्षा मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत होते.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं आहे, म्हणून पुढचं मी ऐकीव बोलत नाही. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकटं भातसा धरण उचलतं, ते शहापूर तालुक्यात आहे. तानसाही तिथलंच. मध्य वैतरणा शेजारच्या मोखाड्यात. पाऊस इतका की जुलैत पाड्यावरून पाड्यावर जाता येत नाही. आणि मार्च उजाडला की त्याच तालुक्यांत टँकरची मागणी सुरू होते. माझी आत्या आयुष्यभर धरणापासून फार लांब नाही अशा गावात राहिली. तिथे उन्हाळ्यात बायका ओढ्याच्या पात्रात खड्डा करून झिरपलेलं पाणी वाटीनं भरायच्या. आजही तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर हेच चालू आहे. “मुंबईचा नळ आमच्या उशाशी, पन तो वाजतो नुसता, वाहत नाही,” असं ती म्हणायची. जलवाहिनीला कान लावला की आतलं पाणी ऐकू येतं, त्याबद्दल ती बोलायची. भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी देण्याची योजना कित्येक वर्षं कामंच चालू आहेत या अवस्थेत आहे. मुंबईसाठी डोंगर पोखरून जमिनीच्या पोटातून बोगदे काढता येतात, आणि धरणाच्या भिंतीजवळच्या पाड्यावर एक टाकी बांधायला पिढ्या जातात.

आणि आता त्याच पट्ट्यातलं पुढचं खोरं घ्यायचं आहे. गारगाई धरण वाडा तालुक्यातल्या ओगदे गावाजवळ, तानसा अभयारण्याच्या हद्दीत होणार. सहा गावपाड्यांना उठावं लागणार, शेकडो हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार, लाखो झाडं पडणार. हे तेच तानसा, जिथे २०१४ मध्ये वनपिंगळा दिसला. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडला नव्हता, १९९७ मध्ये तो खानदेशात पुन्हा मिळाला, आणि त्याच्या उरल्यासुरल्या ठिकाणांत तानसाचं नाव आलं. वारली, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर या समाजांची गावं त्याच जंगलावर जगतात. मुंबईचा वातावरण आराखडा एका बाजूला शहरातली हिरवाई घटली म्हणून हळहळतो, आणि दुसरीकडे तीच महापालिका शंभर किलोमीटरवरचं उभं जंगल तोडायच्या परवानग्या मागत फिरते. शहराच्या हद्दीबाहेर तोडलेलं झाड आराखड्याच्या हिशेबात येत नाही, एवढाच याचा अर्थ. भरपाईची झाडं दुसरीकडे लावू म्हणतात. जंगल लावता येत नाही. रोपं लावता येतात, आणि त्यातली किती जगतात ते पाहायला पाच वर्षांनी कुणी जात नाही.

गारगाई, पिंजाळ या धरणांची नावं चितळे समितीनं नव्वदच्या दशकात सुचवली होती, असा दाखला दिला जातो. माधवराव चितळे हे थोर जलतज्ज्ञ, त्यांच्याबद्दल दुमत नाही. पण तीस वर्षांपूर्वी ज्या कारणांनी एखादी जागा योग्य ठरली, त्या कारणांत आज वाढतं तापमान, लहरी पाऊस आणि उरलेल्या जंगलाची किंमत धरायला नको? २०२४ चा उन्हाळा आठवा. तलावांत दहा टक्क्यांच्या आत साठा राहिला, ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात लागली, भातसा आणि ऊर्ध्व वैतरणाचा राखीव साठा काढावा लागला. यावर ‘म्हणूनच आणखी एक धरण हवं’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गारगाईही त्याच सह्याद्रीच्या, त्याच पावसावर भरणार. पाऊस महिनाभर लांबला की सात तलाव आटतात तसा आठवाही आटेल. फुटक्या रांजणात ओतायला आणखी एक विहीर खणून रांजण भरत नाही.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट तर वातावरण आराखड्याच्या थेट विरोधात जाते. समुद्राचं पाणी गोडं करायला दर हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज लागते. रोज २०० दशलक्ष लिटर म्हणजे दिवसाला सहा ते आठ लाख युनिट. मुंबईची वीज आजही मुख्यतः कोळशावर चालते. उताराच्या जोरावर स्वस्तात आलेलं, शुद्ध केलेलं पाणी नळातून सांडू द्यायचं आणि कोळसा जाळून समुद्रातून नवं काढायचं, याला हवामान कृती म्हणणं हा शब्दांचा सरळ गैरवापर आहे. शिवाय जेवढं गोडं पाणी निघतं त्याहून जास्त खारट, दाट पाणी परत समुद्रात सोडावं लागतं. मनोरीच्या खाडीत मासे धरणारा कोळी समाज त्याबद्दल आधीपासून प्रश्न विचारतो आहे. पाण्याचा दुसरा कुठलाही मार्ग उरला नाही, तर एखाद्या शहराला समुद्राकडे वळावं लागेल, हे मी समजू शकते. मुंबईनं गळती थांबवण्याचा पहिला मार्गही अजून संपवलेला नाही.

दुसरा मार्ग सांडपाण्याचा. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशी सात मोठी शुद्धीकरण केंद्रं, मिळून २,४६० दशलक्ष लिटरच्या आसपास क्षमता, पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये. हे काम झालं पाहिजे, उशिरा का होईना ते सुरू झालं याचं मला समाधान आहे. वर्षानुवर्षं या शहरानं आपली घाण पुरेशी शुद्ध न करता समुद्रात आणि खाड्यांत सोडली. पण शुद्ध केलेलं पाणी परत वापरायचं तर त्याला वेगळे नळ लागतात. बागा, बांधकाम, कारखाने, रेल्वेचे डबे धुणं, शौचालयांच्या टाक्या, इथपर्यंत ते पोचवणारं जाळं केंद्रांइतक्याच जोमानं उभं राहिलं नाही, तर हजारो कोटी खर्चून शुद्ध केलेलं पाणी पुन्हा समुद्रालाच मिळणार. आज रस्त्याकडेला उभं राहणाऱ्या प्रत्येक टॉवरचं काँक्रीट टँकरच्या पाण्यावर भिजतं. ते शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भिजलं पाहिजे, आणि बांधकामाच्या परवानगीत तशी अट घालून ती पाळली जाते का हे तपासलं पाहिजे.

अट घालून भागत नाही हे मी माझ्याच इमारतीत पाहिलं आहे. मी उपनगरात ज्या सोसायटीत राहते तिथे सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट आहे, पावसाचं पाणी साठवण्याची टाकीही आहे. बिल्डरनं भोगवटा दाखला हातात पडेपर्यंत दोन्ही चालवून दाखवली. नंतर प्लांटचा पंप बंद पडला, टाकीत भंगार गेलं, आणि तपासायला आजवर कुणी आलेलं नाही. मोठ्या भूखंडांवर पावसाचं पाणी साठवणं मुंबईत २००२ पासून सक्तीचं आहे. जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे त्यातलं थोडं जरी छतांवर धरलं तर धुण्यापुसण्याचं आणि बागेचं पाणी निघतं, आणि जुलैत गटारांवरचा भारही हलका होतो. पूर आणि टंचाई यांची उत्तरं इथे एकत्र येतात. पण तपासणीचं काम छोटं, रोजचं आणि कंटाळवाणं आहे, आणि त्याच्या उद्घाटनाला मंडप घालता येत नाही. मुंबईच्या पाण्याचं बरंचसं दुखणं या एका कारणात आहे.

एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा शहराचं खरं चित्र उघडं पडलं. भूजल उपशाचे केंद्रीय नियम लावले म्हणून टँकर थांबले, आणि चार-पाच दिवसांत महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून विहिरी आणि टँकर ताब्यात घ्यायची भाषा करावी लागली. रोज ३,९०० दशलक्ष लिटर पाणी आणणारं शहर काही हजार लिटरच्या टाक्या थांबल्या म्हणून आपत्तीच्या कायद्याकडे वळलं. टँकर ही मुंबईची समांतर पाणीव्यवस्था आहे. ती नळाच्या अपयशावर जगते, आणि नळ सुधारला की ती मरते, म्हणून नळ सुधारू नये असं वाटणारी मंडळी प्रत्येक वॉर्डात आहेत. त्यांच्याशी भिडल्याशिवाय पाण्याचं कुठलंही धोरण खरं होणार नाही.

पैसा नाही, हे कारण तर कुणी पुढे करूच नये. २०२५-२६ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. २०२४ मध्ये तिनं पहिला हवामान अर्थसंकल्प काढला आणि भांडवली खर्चातले १०,२२४ कोटी, म्हणजे जवळपास ३२ टक्के, हवामानाशी जोडलेले आहेत असं जाहीर केलं. मी तो प्रकार बारकाईनं पाहिला. आधीच ठरलेल्या कामांपैकी कुठली हवामानाच्या खात्यात बसतात हे शोधून त्यांवर तसा शिक्का मारायचा, अशी त्याची रीत आहे. कुठलं काम मागे पडलं, कुठलं पुढे आलं, कुठलं रद्द झालं, हे त्यातून कळत नाही. प्राधान्य ठरवायचं तर काहीतरी मागे टाकावं लागतं. उत्तरेकडे नवा किनारी रस्ता नेण्यासाठी हजारो तिवरं तोडायची आणि पूरनियंत्रणाचा खर्च हवामानाच्या नावावर मांडायचा, अशानं काहीच मागे पडत नाही आणि काहीच पुढे येत नाही. भरतीचं पाणी अडवणारी तिवरं हेच तर सगळ्यात स्वस्त पूरनियंत्रण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीनं ते या शहराला शिकवलं होतं.

मलबार हिलचं उदाहरण मला इथे मुद्दाम द्यायचं आहे. हँगिंग गार्डनखालचा ब्रिटिशकालीन जलाशय जुना झाला म्हणून तो पाडून नवा बांधायचं ठरलं, त्यासाठी बागेतली शेकडो झाडं जाणार होती. नागरिक आडवे आले. तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली. जलाशय भक्कम निघाला, आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीवर काम भागवायचं ठरलं. ही रीत अगदी बरोबर आहे. आधी तपासा, मग दुरुस्त करा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच नवं बांधा. मला विचारायचं एवढंच आहे की हीच रीत ओगद्याला का नाही? मलबार हिलच्या झाडांसाठी बोलणारे लोक न्यायालय, वर्तमानपत्र आणि मंत्री या तिन्हींच्या जवळ राहतात. ओगद्याच्या झाडांसाठी बोलणाऱ्याला वाड्यापर्यंत यायलाच दिवस लागतो. शहराच्या पाण्याचा निर्णय अंतरावरून होतो आहे, आणि अंतरावरून झालेला निर्णय मला न्याय्य म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल, लोकसंख्या वाढते आहे, आज ना उद्या नवं पाणी लागेलच. लागेल कदाचित. पण ती मागणी खरी किती, हे ठरवायला आधी आजचं पाणी कुठे जातं ते माहीत हवं. कुठल्या विभागात किती पाणी सोडलं, किती मीटरवर आलं, किती गटारात गेलं, याचा दरमहा ताळेबंद लोकांसमोर न मांडता मागणीचा जो आकडा सांगितला जातो, तो वाढीव आकडा आहे. त्यात गळतीची मागणी मिसळलेली आहे. त्या आकड्यावर जंगल बुडवणं हा गुन्हा ठरेल.

नव्या नगरसेवकांनो, तुम्ही चार वर्षांच्या खंडानंतर सभागृहात बसला आहात. तुमच्या विभागात रोज किती पाणी सोडलं जातं आणि किती मीटरवर येतं, हा आकडा पहिल्याच बैठकीत लेखी मागा. तो मिळेपर्यंत गारगाईच्या एकाही रुपयाला हात वर करू नका. तुमच्या वॉर्डातल्या ज्या गल्लीत लोक गटारातून नळ ओढून आणतात, तिथे महापालिकेची वाहिनी याच वर्षी टाकून घ्या. आणि वाचकहो, जो नगरसेवक हे मागणार नाही, त्याच्या दारात तुम्ही जा.